मंडळात, सोसायटीत, ग्रुपमध्ये मत कसं घ्यायचं: भांडण न होता (निदान कमी होऊन)

गणपती जवळ आले की आमच्या पेठेत दोन गोष्टी ठरलेल्या. एक वर्गणी, आणि दुसरं म्हणजे मिरवणुकीत वाजवायचं काय यावरचं भांडण. दोन वर्षांमागं हे भांडण इतकं वाढलं की चांगली पंधरा वर्षांची दोस्ती असलेली दोन पोरं दसऱ्यापर्यंत एकमेकांशी बोलत नव्हती, आणि त्यात चूक खरं तर कुणाचीच नव्हती, चूक होती मत घ्यायच्या पद्धतीची. तेव्हापासून मी हा विषय धरून बसलोय, मंडळात, आमच्या अपार्टमेंटमध्ये आणि शाळेच्या जुन्या ग्रुपमध्ये मिळून आठ-दहा वेळा तरी मतदान घेतलंय, काही छान झाली काही फसली. नवीन कुणी सेक्रेटरी-बिक्रेटरी झाला असेल आणि पहिल्यांदा मत घ्यायची वेळ आली असेल तर हे वाचून घ्या, माझ्यासारखा मार खायला नको.

आधी त्या रात्रीचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच आकड्यांवर समजावणार आहे.

तालमीची खोली, रात्रीचे साडेदहा, ४१ जण हजर. पर्याय तीन: डॉल्बी, ढोल-ताशा, झांजपथक. अध्यक्ष म्हणाले हात वर करा. डॉल्बीला १७ हात, ढोल-ताशाला १३, झांजेला ११. अध्यक्ष म्हणाले, "डॉल्बी फायनल. चला, चहा सांगा." तेवढ्यात मागनं एकजण उठला, "ओ अध्यक्ष, २४ जणांना डॉल्बी नकोय की! मग फायनल कशी काय?" खोलीत एकदम शांतता, आणि मग जे सुरू झालं ते साडेबारापर्यंत. चहा गार झाला तो झालाच.

दुसऱ्या दिवशी मी आणि एक मित्र, आम्ही उगीच बघू तरी म्हणून ४१ जणांना फोन करून विचारलं, तुझा पहिला नंबर कशाला, दुसरा कशाला, तिसरा कशाला. संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर वही घेऊन बसलो. आलं ते असं:

- १७ जण: डॉल्बी, मग झांज, मग ढोल
- १३ जण: ढोल, मग झांज, मग डॉल्बी
- ८ जण: झांज, मग ढोल, मग डॉल्बी
- ३ जण: झांज, मग डॉल्बी, मग ढोल

आता गंमत बघा. नुसता पहिला नंबर मोजला तर डॉल्बी, १७. सगळ्यात कमीवाल्याला, म्हणजे झांजेला, बाहेर काढून त्या ११ जणांचा दुसरा नंबर बघितला तर ८ ढोलाकडं गेले आणि ३ डॉल्बीकडं, म्हणजे ढोल २१, डॉल्बी २०, ढोल जिंकला. आणि दोघादोघांची जोड लावली तर झांज विरुद्ध डॉल्बी २४-१७, झांज विरुद्ध ढोल २८-१३, दोन्हीकडं झांजच! पोरं तीच, मतं तीच, एकाचंही मन बदललं नाही, पण मोजायची पद्धत बदलली की निकाल बदलला. मित्र वहीकडं बघत म्हणाला, "मग भावा, ठरवलं कुणी, पोरांनी का वहीनं?"

म्हणून सगळ्यात मोठी सूचना इथंच: मोजायची पद्धत पहिली चिठ्ठी पडायच्या आधी ठरवा, आणि लिहून ठेवा. निकाल दिसल्यावर पद्धत ठरवायला बसलात तर प्रत्येकजण आपला माणूस जिंकेल तीच पद्धत न्याय्य म्हणणार, मग ब्रह्मदेव आला तरी मिटत नाही.

१. मत घ्यायचा अधिकार आपल्याला आहे का ते बघा

हे कुणी बघतच नाही. रजिस्टर्ड हाउसिंग सोसायटी असेल तर मॅनेजिंग कमिटीची निवडणूक सहकार कायदा, त्याचे नियम आणि उपविधी यांप्रमाणेच घ्यावी लागते, तिथं खाली दिलेली एखादी पद्धत भारी वाटली म्हणून वापराल तर निवडणूकच अडचणीत येईल. आधी उपविधी वाचा, शंका असेल तर उपनिबंधक कार्यालयात जाऊन विचारा. ट्रस्ट असेल तर त्याची घटना बघा. पण जिन्याला रंग कुठला, स्नेहसंमेलन कधी, ट्रिप कुठं, मंडळाचा देखावा कुठला, सीसीटीव्ही आधी का टाकी दुरुस्ती आधी, असल्या गोष्टीत तुम्ही मोकळे आहात.

आणि दुसरं, प्रत्येक गोष्टीला मत नको. चर्चेतून दहा मिनिटांत सगळे हो म्हणत असतील तर गप ठराव लिहा आणि उठा.

२. मतदार यादी, आणि "निम्मे" म्हणजे कशाचे निम्मे

यादी आदल्या आठवड्यात लावायची. मिटिंगच्या दिवशी ऐनवेळी "हा पण आपलाच की" म्हणून पाच पोरं आत आणली जातात, आमच्याकडं झालंय हे. वर्गणी भरलेले सगळे का फक्त सभासद, एका फ्लॅटला एक मत का घरातल्या प्रत्येकाला एक, भाडेकरूंना मत आहे का, बाहेरगावी असलेल्यानं फोनवरनं मत दिलं तर चालेल का, हे सगळं यादीखालीच लिहा.

मग कोरम, म्हणजे निदान किती जण हजर हवेत, आणि बहुमत कशाचं. ६० सभासदांपैकी ३१ आले आणि त्यातल्या १६ जणांनी हात वर केला तर "बहुमत" झालं असं म्हणतात, पण ६० जणांच्या खिशातले पैसे १६ जणांनी खर्च केले की. छोट्या गोष्टीला हजर असलेल्यांचे निम्मे पुरे, पण मोठ्या खर्चाला एकूण सभासदांच्या निम्म्याहून जास्त अशी अट घाला.

ह्या दोन्हीतला फरक किती मोठा असतो ते आपल्याकडच्या आयाबहिणींना विचारा. दारूबंदीचं आडवी बाटली-उभी बाटलीचं (आडवी म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू) मतदान आठवतंय ना? तिथं आलेल्या बायकांच्या निम्म्या चालत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई घरातच बसली, शेतावर गेली, किंवा माहेरी होती, तिचं मत न देताच उभ्या बाटलीला गेल्यासारखं होतं. अट कडक असली की न येणारा माणूसपण मतदानच करत असतो. कधी तसंच हवं असतं, कधी नको असतं, पण काय ठेवतोय ते माहीत असू दे.

३. पर्याय कोण लिहितो त्याच्यावर लक्ष

पर्यायांची यादी ज्याच्या हातात त्याच्या हातात निम्मा निकाल. आमच्या मंडळात पुढच्या वर्षी एका बहाद्दरानं सुचवलं की "ढोल-ताशा" आणि "नाशिक ढोल" असे दोन वेगळे पर्याय ठेवू. ऐकायला किती लोकशाही! पण ढोलवाल्यांची मतं दोन ठिकाणी फुटणार आणि डॉल्बी आरामात पुढं जाणार, एवढाच डाव. गावच्या निवडणुकीत समोरच्याच्या नावासारख्या नावाचा डमी उभा करतात ना, तोच प्रकार.

ह्याच्यावर उपाय दोन. पर्याय सुचवायची शेवटची तारीख ठेवा आणि प्रत्येक पर्यायाला एक सूचक एक अनुमोदक लागेल म्हणून सांगा. आणि पद्धत अशी निवडा की मतं फुटली तरी फरक पडू नये, ते खाली येतंच.

अजून एक, "यातलं काहीच नको" हा पर्याय जमेल तिथं ठेवाच. मशीनवर २०१३ पासून नोटा आलाय, मग आपल्या मंडळाला काय धाड भरलीय?

४. पद्धत निवडा

हा सगळ्यात मोठा भाग, सावकाश वाचा, चहा घेऊन बसा.

दोनच पर्याय असतील तर डोकं चालवू नका. चिठ्ठी, बहुमत, विषय संपला. भानगडी तिसरा पर्याय आला की सुरू होतात.

तारीख, ठिकाण, जेवणाचा बेत असलं काही असेल तर "चालेल" पद्धत वापरा. प्रत्येकानं त्याला चालतील त्या सगळ्या पर्यायांपुढं टिक करायची, एक करा नाहीतर चार करा, ज्याला जास्त टिका तो जिंकला. शाळेच्या ग्रुपची ट्रिप आम्ही अशीच ठरवतो. २२ जणांत पहिली पसंती विचारली तर तारकर्ली ९, बाकी आंबोली-दाजीपूर-गणपतीपुळ्यात फुटली होती. पण "चालेल" विचारल्यावर आंबोली १७, दाजीपूर १५, तारकर्ली १२, गणपतीपुळे ८. ज्या दहा जणांना तारकर्ली चालतच नव्हती त्यातले तिघे लहान पोरं घेऊन येणारे होते, एवढा लांबचा प्रवास त्यांना झेपणार नव्हता, ते पहिल्या पद्धतीत कधी कळलंच नसतं. गेलो आंबोलीला, सगळे आले. ही पद्धत शिकवायला एक मिनिट लागतो आणि पर्याय फोडून काही फायदा होत नाही, म्हणून माझी सगळ्यात आवडती. खोट एकच, "फार आवडतं" आणि "चालवून घेईन" यातला फरक तिला कळत नाही.

एकच गोष्ट निवडायची आणि आवडीचा जोर महत्त्वाचा असेल तर पसंतीक्रम घ्या, म्हणजे १, २, ३ असे नंबर लिहायचे. आता नंबर लिहून झाले तरी मोजायच्या तीन तऱ्हा आहेत, आणि इथंच लोक गंडतात.

पहिली तऱ्हा, बाद फेरी. कुणाला निम्म्याहून जास्त पहिले नंबर मिळाले नाहीत तर सगळ्यात खालचा बाद, त्याच्या चिठ्ठ्या पुढच्या नंबरावर वाटायच्या, असं निम्मं गाठेपर्यंत. आपल्या देशात राष्ट्रपती असाच निवडतात. १९६९ ला व्ही. व्ही. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मतं, संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, १,१२,७६९. जिंकायला लागत होती ४,१८,१६९, कुणाकडंच नव्हती. मग खालचे बाद होत गेले, शेवटी देशमुखांची मतंपण वाटली गेली, त्यातली बरीच रेड्डींकडं गेली पण गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर राहिले. ही तऱ्हा चांगली आहे पण आमच्या झांजेसारखं होऊ शकतं, सगळ्यांच्या दुसऱ्या नंबरावर असलेला बिचारा पहिल्याच फेरीत घरी जातो.

दुसरी तऱ्हा, गुण. तीन पर्याय असतील तर पहिल्या नंबराला २ गुण, दुसऱ्याला १, तिसऱ्याला ०. फ्रान्सच्या बोर्दा नावाच्या माणसानं १७७० मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीपुढं मांडली होती. आमच्या वहीत झांजेला ५२, डॉल्बीला ३७, ढोलाला ३४. पण हिच्यात चलाखी करता येते, समोरचा तगडा दिसला की त्याला मुद्दाम शेवटी ढकलायचं. आम्ही गंमत म्हणून करून बघितलं: डॉल्बीवाल्या १७ जणांनी ठरवून झांजेला शेवटच्या नंबरावर टाकलं असतं तर झांज पडली असती ३५ वर, पण ढोल गेला असता ५१ वर! म्हणजे त्यांना जे सगळ्यात नको होतं तेच गळ्यात. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

तिसरी तऱ्हा, जोड. आपल्या कोल्हापूरकरांना ही समजावून सांगायलाच लागत नाही, कारण ही सरळ खासबागेतली कुस्ती आहे. प्रत्येक पर्यायाची प्रत्येकाशी जोड लावायची. चिठ्ठीवर ज्याचा नंबर वर त्याला त्या जोडीत ते मत. जो सगळ्यांना चीतपट करतो तो विजेता. आमच्यात झांजेनं दोघांनाही पाडलं होतं. कॉन्डॉर्से म्हणून अजून एक फ्रेंच गणिती, त्यानं १७८५ च्या आपल्या ग्रंथात हे मांडलं आणि त्यातली खोचपण त्यानंच दाखवली: कधीकधी अ नं ब ला पाडलं, ब नं क ला पाडलं आणि क नं अ ला पाडलं असं दगड-कागद-कात्रीसारखं चक्र होतं, मग विजेताच नाही. म्हणून आधीच लिहून ठेवा, चक्र झालं तर गुण मोजणार.

मी मंडळासाठी काय वापरतो? जोड, आणि चक्र झालं तर गुण. आजवर चक्र एकदाही झालं नाही. पाचच्या वर पर्याय असतील तर मात्र जोडी मोजता मोजता जीव जातो, पाचाच्या दहा जोडी, सहाच्या पंधरा, सरळ "चालेल" घ्या.

कुणी विचारेल की मग शंभर टक्के न्याय्य पद्धत कुठली? नाही. केनेथ अ‍ॅरो नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९५१ मध्येच गणितानं दाखवून दिलंय की तीन किंवा जास्त पर्याय असले तर पसंतीक्रमाची कुठलीच पद्धत न्यायाच्या सगळ्या साध्यासाध्या अटी एकाच वेळी पाळू शकत नाही. त्यांना १९७२ ला नोबेल मिळालं. मिटिंगमध्ये कुणी फार तणतणला तर हे सांगायचं, निदान पाच मिनिटं गप बसतो.

कमिटी निवडायची असेल तर वेगळी गोष्ट. पाच जागा, प्रत्येकाला पाच मतं, ज्यांना जास्त ते पाच आत, ही आपली नेहमीची रीत. साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, सगळीकडं पॅनेल टू पॅनेल शिक्के मारायची सवय आपल्या हाडात आहे. तिच्यात होतं काय, ६० मतदारांत एका गटाचे ३२ आणि दुसऱ्याचे २८, तर ३२ वाल्यांचे पाचच्या पाच येतात आणि २८ जणांचा एकही माणूस कमिटीत नाही. मग ते २८ जण वर्षभर काय करणार? वर्गणी देणार नाहीत, दुसरं काय करणार.

त्याच्याऐवजी प्रत्येकाला एकच चिठ्ठी, पण पसंतीक्रम लिहायचा, आणि कोटा काढायचा. कोटा म्हणजे एकूण मतांना जागा अधिक एक नं भागायचं, अपूर्णांक सोडायचा आणि एक मिळवायचा. ६० भागिले ६ म्हणजे १०, अधिक एक, ११. ज्याला ११ मिळाली तो आत. ज्याला जास्त मिळाली त्याची उरलेली मतं वाया जात नाहीत, पुढच्या पसंतीला जातात. ह्या हिशेबात ३२ वाल्यांचे साधारण ३ येतात, २८ वाल्यांचे २. कसं वाटतंय?

हे "उरलेली मतं पुढं जाणं" कोल्हापूरला १० जून २०२२ च्या रात्री पाठ झालंय. राज्यसभेच्या सहा जागा, उमेदवार सात, आणि सहाव्या जागेसाठी दोन्ही पैलवान कोल्हापूरचेच, धनंजय महाडिक आणि संजय पवार. पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मतं, महाडिकांना २७, आणि तरी निवडून आले महाडिक, कारण त्यांच्या पक्षाच्या दोन उमेदवारांची कोट्याच्या वरची मतं दुसऱ्या पसंतीनं त्यांच्याकडं आली. पहाटेपर्यंत टीव्हीपुढं बसून ज्यांनी आयुष्यात कधी भागाकार केला नाही ते पण कोटा काढत होते.

मोजायचं कसं ते: प्रत्येक चिठ्ठीची किंमत १०० धरा. ६० चिठ्ठ्या म्हणजे ६०००, सहानं भागून १०००, अधिक एक, १००१. समजा एकाला १५ चिठ्ठ्या, म्हणजे १५००. जास्तीचे ४९९. भागिले १५, म्हणजे ३३. त्याच्या १५ चिठ्ठ्यांवर दुसरा नंबर ज्याचा असेल त्याला प्रत्येकी ३३ द्यायचे. जास्तीचं वाटून झालं तरी जागा शिल्लक असेल तर खालचा बाद करून त्याच्या चिठ्ठ्या वाटायच्या. मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर पुरतो.

५. साहित्य आणि कागदपत्रं

- मतदार यादीच्या दोन प्रिंट, सहीसाठी जागा ठेवून
- ठरावाचा कागद: प्रश्न, पर्याय, पद्धत, कोरम, बरोबरी झाली तर काय
- एकसारख्या छापलेल्या चिठ्ठ्या, मतदारांपेक्षा दहा जास्त, मागं सेक्रेटरीची सही
- एकाच रंगाचे पेन. हे महत्त्वाचं, नाहीतर "हिरव्या पेनची चिठ्ठी कुणाची ते मला माहिताय" सुरू होतं
- डबा. आमच्याकडं बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे, झाकणाला भोक पाडलंय, त्याला आता पोरं "ईव्हीएम" म्हणतात
- फळा-खडू नाहीतर मोठा कागद, सगळ्यांना दिसेल असा
- इतिवृत्ताची वही

चिठ्ठीवर पर्यायांचा क्रम सगळीकडं एकच असेल तर वरच्याला जरा फायदा होतो, म्हणून आम्ही दोन-तीन वेगवेगळ्या क्रमांत छापून घेतो. फार किचकट वाटत असेल तर सोडून द्या.

६. मत घेताना

हात वर करून घेऊ नका. घेऊच नका! पोरगं आधी मोठ्या भावाचा हात वर आहे का बघतं, भाडेकरू मालकाकडं बघतो, सासू-सुना दोघी सभासद असल्या तर सांगायलाच नको. आवाजी मतदान तर अजून वाईट, ज्याच्या गटात दोन हलगीवाले आहेत तो जिंकतो.

व्हॉट्सअ‍ॅपचा पोल सोपा आहे, बारा पर्याय टाकता येतात, पण कुणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं आणि मत नंतर बदलताही येतं. मिसळ कुठं खायची ठरवायला ठीक आहे, पैशाच्या किंवा माणसाच्या विषयाला नको. आणि त्यात "एकापेक्षा जास्त उत्तरं" चं बटण असतं, ते चालू आहे का बंद ते पोल टाकायच्या आधी बघा. आमच्या ट्रिपच्या एका पोलला ते चालू राहिलं होतं, निम्म्या लोकांना वाटलं एकच निवडायचं, निम्म्यांनी चार-चार टिका केल्या, त्या आकड्यांचा अर्थ अजून कुणाला लागला नाही. गुगल फॉर्म बरा, त्यात मल्टिपल चॉइस ग्रिड घेतली की एका रांगेत एकच उत्तर येतं, वर "एका कॉलममध्ये एकच" हे बंधन लावलं की पसंतीक्रम नीट येतो.

पसंतीक्रम घेणार असाल तर भरून दाखवलेली एक नमुना चिठ्ठी भिंतीवर चिकटवा, पण त्यात खरे पर्याय लिहू नका, आंबा-फणस-काजू लिहा. आपल्या लोकांना शिक्का आणि टिकेची सवय. पुणे पदवीधर मतदारसंघात आपला जिल्हा येतो, तिथं आकड्यानंच पसंती लिहायची असते, तीही त्यांनी दिलेल्याच पेननं, आणि टिक मारली की मत बाद. चांगली शिकलेली डिग्रीवाली माणसं असून दरवेळी बाद मतांचा ढीग असतो. २०२० ला माझ्यापुढच्या रांगेतल्या काकांनी बाहेर येऊन मला हळूच विचारलं, "आकडाच लिहायचा होता व्हय?" मी काय बोलणार, मान हलवली.

७. मोजताना

दोन्ही बाजूंचा एकेक माणूस डब्याजवळ उभा करा. आधी चिठ्ठ्यांची संख्या आणि सह्यांची संख्या जुळते का बघा, जुळत नसेल तर उघडूच नका, पुन्हा मतदान. मग एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं फळ्यावर लिहायचं, तिसऱ्यानं वहीत.

बाद कुठलं ते आधी ठरवा. आमचा नियम: पहिला नंबर स्पष्ट कळत असेल तर चिठ्ठी चालू, दोन पर्यायांना १ लिहिलं तर बाद, फक्त १ लिहून बाकी कोरं सोडलं तर चालतं, जोड लावताना न लिहिलेले सगळे शेवटचे धरायचे. एकदा एका चिठ्ठीवर "१" च्या ऐवजी "एक नंबर!!" लिहिलेलं आलं. अर्धा तास वाद. घेतली शेवटी, पण नियमात आता "फक्त आकडा" असं आलंय.

८. बरोबरी आणि नंतरचं

बरोबरी झाली तर अध्यक्षाचं जादा मत हा प्रकार मला पटत नाही, तो आधीच एका बाजूचा असतो. सरळ चिठ्ठी टाका, कुणाच्यातरी लहान पोरीला बोलवा आणि उचलायला सांगा. लोकसभा-विधानसभेला मतं समान पडली तरी निवडणूक अधिकारी चिठ्ठीच काढतात, त्यात कमीपणा काही नाही.

मतदान झाल्यावर चिठ्ठ्या पाकिटात घालून वर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या आणि महिनाभर ठेवा. तक्रार करायची मुदत तीन दिवस, लेखी, पुन्हा मोजणी एकदाच. इतिवृत्तात आकडे पूर्ण लिहा, "बहुमताने ठरले" एवढ्यावर भागवू नका. आमच्या वहीतलं गेल्या वर्षीचं पान असं आहे, हवं तर उतरवून घ्या:

"विषय क्र. ३, मिरवणूक वाद्य. यादीतील सभासद ५८, हजर ४४, कोरम पूर्ण. पद्धत जोडवार तुलना, चक्र झाल्यास गुण, दि. १२ च्या बैठकीत आधीच मंजूर. चिठ्ठ्या ४४, सह्या ४४, बाद १. झांज विरुद्ध डॉल्बी २५-१८, झांज विरुद्ध ढोल २७-१६. झांजपथक मंजूर. डॉल्बीच्या बाजूने मोजणीस हजर असलेल्या सभासदाची सही घेतली. चहा वेळेत झाला."